रकाना क्रमांक सात

शनिवार. सकाळची शाळा सुटली
आणि ग्रुपवर साहेबांचा निरोप:
आजच भरा, लिंक सहाला बंद होईल.
रकाना क्रमांक सात,
शैक्षणिक तंत्रज्ञानातील आपली आगामी उद्दिष्टे.
किमान तीन. प्रत्येकी शंभर अक्षरांत.

सहावी 'ब'च्या वर्गात मी एकटी.
वर जनता वसाहतीच्या चढावर कुणाचा तरी मिक्सर फिरतोय,
खाली कॅनॉलच्या कडेला म्हशी.
स्मार्ट बोर्डावर फुलाफुलांची चादर, धूळ बसू नये म्हणून.
रिमोट कपाटात, कपाटाची किल्ली मामांकडे,
मामा भाच्याच्या लग्नाला चाकणला.

पहिलं लिहिते: डिजिटल साधनांचा प्रभावी वापर.
हिरवी खूण येते.
एवढंच असतं ते.

दुसरं.
दुसरं खरं सांगायचं तर
मला ऱ लिहिता येत नाही.
परवा भूगोलाची चाचणी टाइप केली,
'सह्याद्रीतील दऱ्या कशा तयार झाल्या?'
छापून आलं: सह्याद्रीतील दर्या.
पोरं पेन चावत बसली.
तंझिलानं मात्र लिहिलं,
'बाई, तिथे दर्या नाही. पण आधी असेल.'
मी तिला पूर्ण गुण दिले.
एका अक्षरापायी अख्खा घाट पाण्याखाली घातला होता मी,
आणि पोरगी तळाशी उभी राहून उत्तर देत होती.

हे शंभर अक्षरांत बसत नाही.

मग रोहिदास पाथरूट.
त्याला लिहिण्याचा कंटाळा, म्हणून म्हटलं, फोनला सांग, तो लिहील.
तो म्हणाला, 'आमच्या बा चा टेम्पो व्हता.'
फोननं लिहिलं, 'आमच्या बागेचा टेम्पो होता.'
रोहिदास हसला. मग दुसऱ्यांदा हळू बोलला.
तिसऱ्यांदा बोललाच नाही.
मला हे शिकायचंय:
यंत्राला ऐकू आलं नाही
तर पोराला आपलं तोंड चुकलंय असं वाटू नये,
यासाठी काय करतात.
कुठलं प्रशिक्षण आहे? किती तासांचं? प्रमाणपत्र नको मला.

आणि 'माझी आई' हा निबंध.
सानिकाच्या वहीत आई पहाटे तुळशीला पाणी घालते,
'वात्सल्याचा अथांग सागर' आहे.
सानिकाची आई रात्री दोनला मार्केट यार्डात
कोथिंबिरीच्या जुड्या बांधते.
मला माहीत आहे, कारण गृहपाठावरच्या निळ्या खुणा
दोन वाजून दहा मिनिटांनी उमटतात;
घरात तो एकच फोन, आणि तो आईबरोबर कामाला जातो.
निबंध कुणी लिहिला हे ओळखायला मी शिकेन.
ते जमेल.
पण वहीवर लाल रेघ न मारता
'जुड्या बांधताना ती काय बोलते गं?'
हे कधी विचारायचं, कोणासमोर नाही विचारायचं,
आणि उरलेल्या डेटात मावेल एवढाच अभ्यास
कसा पाठवायचा...

निवृत्तीला चार वर्षं आहेत.
बत्तीस वर्षांपूर्वी मी फळ्यावर सरळ ओळ लिहायला शिकले,
पाठ न वळवता.
तेव्हा कुणी उद्दिष्ट विचारलं नव्हतं.

साडेपाच. दारात तंझिला,
धाकट्या भावाची बाटली विसरली होती म्हणून आलेली.
'बाई, अजून इथंच?'
मी फोन पुढे केला. ऱ कुठाय गं?
तिनं चष्म्याकडे पाहिलं माझ्या, मग बोटाकडे.
'र दाबा. नाही, सोडू नका. दाबून धरा.
घाई करता तुम्ही.'

दाबून धरला.
अक्षराच्या डोक्यावर एक छोटी खिडकी उघडली,
तिच्यात तो होता, एवढी वर्षं.

दऱ्या, लिहिलं मी. पुन्हा: दऱ्या. वारे. वाऱ्या. कोपऱ्यात.
तंझिला बाटली घेऊन उतार चढून गेली.

दुसऱ्या रकान्यात तेच राहिलं.
तिसरा रिकामा.
सहाला दहा कमी आहेत,
आणि लिंक म्हणतेय: किमान तीन.